तीस जणांसाठी एकच चित्र : माझं पहिलं वुडब्लॉक प्रिंट एक्स्चेंज

प्रिंट एक्स्चेंजचं पार्सल मागच्या आठवड्यात हातात पडलं. नाव दिलं होतं जानेवारीत, आणि आता नोव्हेंबर चालू आहे. मधल्या काळात माहिती मिळत गेली पण सगळी तुकड्यातुकड्यांत, कुणी हत्यारांबद्दल सांगतं, कुणी कागदाबद्दल, कुणी फक्त तयार प्रिंट दाखवतं. नाव दिल्यापासून पार्सल येईपर्यंत ओळीने काय काय होतं हे एका जागी कुठे सापडलं नाही, म्हणून लिहून काढतेय. लांबलंय जरा. पण पहिल्यांदा करणाऱ्याला बारीकसारीक गोष्टीच नडतात, त्यामुळे काही गाळत नाही.

वुडब्लॉक प्रिंट म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चित्र कोरून, त्याला रंग लावून कागदावर काढलेला छाप. आता एक्स्चेंज म्हणजे काय ते सांगते. तीस जण नाव देतात. प्रत्येकाने आपल्या एकाच चित्राच्या एकतीस प्रती काढायच्या आणि संयोजकाकडे पाठवायच्या. संयोजक सगळे गठ्ठे फोडतो, प्रत्येकाच्या नावाने एकेक संच लावतो आणि परत पाठवतो. म्हणजे तुम्ही पाठवता एक चित्र एकतीस वेळा, आणि तुमच्याकडे येतात तीस वेगवेगळी चित्रं. एकतिसावी प्रत संयोजकाच्या संग्रहात राहते. पैशांची देवघेव नाही, फक्त परतीचं टपाल आणि पॅकिंग याचा खर्च आधी भरायचा.

फॉर्म पानभराचा होता. कागदाचा आकार 19 बाय 26 सेंटीमीटर, म्हणजे जपानी प्रिंटमध्ये ज्याला चुबान म्हणतात साधारण तो, आणि तो सगळ्यांना सारखाच, कारण सगळ्या प्रिंट्स एकाच पेटीत बसायला हव्यात. ब्लॉक हाताने कोरलेला पाहिजे. रंग फक्त पाण्याचे, कारण तेलाची शाई जाड लागली असेल तर लवकर सुकत नाही आणि गठ्ठ्यात शेजारच्या प्रिंटवर उमटते. सही आणि क्रमांक पेन्सिलने. शेवटची तारीख 31 जुलै, त्यानंतर आलेलं पार्सल घेणार नाही. अनुभवाच्या रकान्यात मी सरळ लिहिलं की आजवर फक्त काळ्या रंगातले, एका ब्लॉकचे छोटे प्रिंट केलेत, बहुरंगी एकही नाही. मला वाटलं नाव कटणार. आठवड्याभराने उत्तर आलं की अनुभव कमी असला तरी चालेल, एडिशन, म्हणजे एका चित्राच्या ठरलेल्या सगळ्या प्रती, पूर्ण करून वेळेवर पाठवणार असाल तर या. नवीन माणसाने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, तिथे कुणी परीक्षा घेत नाही, पण तुम्ही पाठवलं नाही तर उरलेल्या सगळ्यांच्या संचात एक जागा रिकामी राहते.

नाव दिल्यावर धाकधूक होती म्हणून मी जरा इतिहास वाचायला घेतला आणि त्याने खूप धीर आला. जपानमध्ये पूर्ण रंगीत वुडब्लॉक प्रिंटची सुरुवातच मुळी अशा देवघेवीतून झाली. त्या काळी तिथल्या पंचांगात 30 दिवसांचे मोठे महिने आणि 29 दिवसांचे छोटे महिने, आणि कोणता महिना मोठा कोणता छोटा हे दरवर्षी बदलायचं. पंचांग छापायचा हक्क सरकारच्या परवानगीने ठरावीक लोकांनाच होता. तर एदो शहरातले (म्हणजे आजच्या टोक्योतले) हौशी रसिक, कवी मंडळी, ते महिन्यांचे आकडे चित्रात लपवायचे, कुणाच्या किमोनोच्या नक्षीत, कुणाच्या पदरात, आणि अशी चित्रं छापून घेऊन नव्या वर्षाला एकमेकांना द्यायचे. 1765 मध्ये या मंडळींची चढाओढ एवढी वाढली की कितीही ब्लॉक लागोत, कितीही खर्च होवो, चित्र भारी झालं पाहिजे असं झालं, आणि त्यातून सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या हातून पूर्ण रंगीत प्रिंट तयार झाली, जिला पुढे निशिकि-ए म्हणू लागले. म्हणजे आपण करतोय ते काही उपरं नाही. एकमेकांना द्यायचंय म्हणून जीव तोडून छापणं हे या कलेच्या मुळातच आहे.

फेब्रुवारी चित्रात गेला. मी पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा घेतला, मागे उजाडतानाचं आभाळ. काळा ब्लॉक, राखाडी ब्लॉक, आभाळाचा निळा आणि खाली क्षितिजाजवळ पिवळा, असे चार. आभाळ दोनदा छापायचं, एकदा सपाट फिकं आणि एकदा वरून गडद होत खाली विरत जाणारं. या विरत्या रंगाला बोकाशी म्हणतात, होकुसाई आणि हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकारांच्या चित्रांत आभाळाच्या वरच्या कडेला हटकून दिसतो तो. पाच छाप गुणिले चाळीस कागद, म्हणजे दोनशे वेळा कागद ठेवायचा, घोटायचा, उचलायचा. चाळीस का, तर एकतीस चांगल्या मिळायला हव्यात तर पंचवीस-तीस टक्के जादा कागद धरावाच लागतो. हा हिशोब चित्र ठरवतानाच करा. एक रंग वाढवला की चाळीस छाप वाढतात हे कागदावर लिहून समोर ठेवलं की चित्रातले नको ते रंग आपोआप गळतात.

सामानाची यादी मार्चमध्ये पक्की केली आणि मागवली. खर्चाचं सांगायचं तर निम्म्याहून जास्त पैसे कागदालाच गेले. कोझो म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा हाताने केलेला कागद, तंतू लांब असतात म्हणून ओला असताना पुन्हा पुन्हा हाताळला, घोटला तरी फाटत नाही. साध्या ड्रॉइंगच्या कागदाने हे काम होत नाही असं नाही, पण पातळ कोझोवर रंग वर न बसता आत उतरतो, तो फरक डोळ्याला कळतो. कागद सरस-तुरटी दिलेला घ्या. न दिलेल्या कागदावर रंग फुटतो, टिपकागदासारखा. मागवताना एकाच घाण्याचा, एकाच वेळी घ्या आणि दोन-चार ताव जास्त घ्या, कारण मागाहून आणलेल्या कागदाची जाडी किंवा सरसाचं प्रमाण वेगळं निघू शकतं आणि मग एडिशनमध्ये दोन जातीच्या प्रिंट्स दिसतात.

लाकूड म्हणून शिना प्लायवूड घेतलं, लिंडनच्या जातीचं लाकूड. पारंपरिक कारागीर डोंगरी चेरी वापरायचे, ते कठीण, केसाएवढी रेघ धरतं, पण महाग आणि कोरायला हाताचा कस लागतो. शिना मऊ, सुरी कुठल्याही दिशेने फिरते. दोन्ही बाजूंना चांगला पापुद्रा असलेले दोन तुकडे घेतले की चार ब्लॉक झाले, पैसेही वाचले. हत्यारांचा मोठा संच अजिबात घेऊ नका. एक हांगितो म्हणजे तिरक्या धारेची सुरी, एक लहान गोल पटाशी, एक मोठी गोल पटाशी आणि एक चपटी पटाशी, एवढ्यात माझं सगळं काम झालं. त्यापेक्षा धार लावायचा दगड चांगला घ्या. 1000 ग्रिटवर धार काढायची, 6000 वर घासून चकचकीत करायची, शेवटी चामड्यावर ओढायची. बोथट सुरीने कोरलं की लाकूड कापलं जात नाही, दबतं, आणि ओलं झाल्यावर तो दबलेला भाग फुगून वर येतो आणि कडेला रंग धरतो. मी कोरायला बसायच्या आधी रोज धार लावायची सवय करून घेतली, दहा-पंधरा मिनिटं जातात पण मनही स्थिर होतं.

बारेनबद्दल खूप गोंधळ असतो. बारेन म्हणजे कागदाच्या पाठीवरून घोटायची गोल चकती. खरा बारेन म्हणजे कागद-कापडाचे थर देऊन केलेली चकती, आत बांबूच्या सालपटाची वळलेली दोरी, आणि वरून बांबूचं सालपट ताणून गाठ मारलेली. तो फार महाग असतो. शिकायला प्लॅस्टिकच्या मणी-दाण्यांचा किंवा साधा बारेन पुरतो. मी मधल्या दर्जाचा घेतला. त्याला अधूनमधून अगदी पुसटसं तेल लावावं लागतं, जपानी लोक कॅमेलियाचं वापरतात, कापडावर थेंबभर घेऊन बारेन त्यावर फिरवायचा. जवसाचं तेल नको, ते सुकून चिकट होतं.

एप्रिल आणि मे कोरण्यात गेले. चित्र पातळ कागदावर काढून, उलटं करून, तोंड खाली ठेवून खळीने ब्लॉकवर चिकटवायचं. खळ सुकली की कागदाची पाठ बोटाने हळूच चोळून काढायची, मग रेघा स्पष्ट दिसतात आणि आपोआप उलट्या होतात. आता सुरी कशी चालते ते नीट सांगते कारण हे हाताने समजायला मला बराच वेळ लागला. सुरी पेनसारखी धरत नाहीत, मुठीत धरतात, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोट पात्याच्या पाठीला लावून तिला वळवतात. पहिला काप रेघेच्या अगदी कडेने, पातं रेघेपासून बाहेर झुकलेलं, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो आणि घोटताना ती मोडत नाही. दुसरा काप थोडा बाहेरून, उलट्या कलाने, की मधून बारीक ढलपी सुटून येते. कावळ्याच्या चोचीच्या टोकाला या दोन कापांमध्ये जेमतेम नखाएवढी जागा होती, तिथे मी ब्लॉकच फिरवत राहिले, हात एकाच जागी, आणि चोच लाकडातून सुटी झाली तेव्हा तिच्या खालचा उतार बोटाला लागत होता. रेघा सगळ्या सुट्या झाल्या की मग मधलं मोकळं लाकूड गोल पटाशीने काढायचं. मोकळी जागा जितकी मोठी तितकं खोल काढायचं, कारण ओला कागद मधे झोळ खातो आणि तळाला टेकला की डाग पडतो. रेघेच्या लगत मात्र उथळ चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केंतो. हे रजिस्ट्रेशनचं, म्हणजे प्रत्येक रंग नेमका जागेवर बसवायचं जपानी तंत्र इतकं साधं आणि इतकं अचूक आहे की मला त्याचं कौतुक अजून ओसरलेलं नाही. ब्लॉकच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि खालच्याच कडेला डावीकडे एक सरळ खाच, दोन्ही कागदाच्या जाडीपेक्षा थोड्या जास्त खोल, बस. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत, कड दुसऱ्या खाचेत, आणि मग कागद सोडायचा. प्रत्येक ब्लॉकवर त्या खाचा अगदी त्याच जागी असल्या की रंग बरोबर बसतात. त्या त्याच जागी कशा येतात, तर काळा ब्लॉक आधी कोरायचा, केंतोच्या खुणांसकट पातळ कागदावर त्याच्या प्रती काढायच्या, आणि त्या प्रती रंगाच्या ब्लॉकवर चिकटवायच्या. म्हणजे खुणा मोजून नाही, छापून जातात. पट्टीने मोजायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

मेच्या शेवटी पहिली प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढली. आभाळाचा निळा रंग कावळ्याच्या पाठीपासून साधारण अर्धा मिलीमीटर सरकलेला, मधे पांढरी फट. ब्लॉक तपासले, खाचा तपासल्या, सगळं जागेवर. मग कळलं की भानगड कागदातल्या ओलाव्याची आहे. ओला कोझो फुगतो, सुकताना आकसतो. काळा रंग छापताना कागद जेवढा ओला होता त्यापेक्षा निळ्याच्या वेळी तो सुकलेला होता, म्हणून लहान झालेला. खरोखर एखादा ब्लॉक चुकीच्या जागी असेल तर केंतो थोडा तासून किंवा खाचेत लाकडाची पातळ चिप चिकटवून दुरुस्त होतो, ते सोपं आहे. पण ओलावा सांभाळला नाही तर कितीही केंतो तासा, उपयोग नाही. या सगळ्या प्रक्रियेतून मला एकच गोष्ट घेऊन यायची असती तर ती हीच आहे. कोरणं दिसतं, फोटोत छान येतं, लोक त्याबद्दलच विचारतात, पण एडिशन ठरते ती पाणी सांभाळण्यावर.

तर पाणी. छपाईच्या आदल्या संध्याकाळी कागद भिजवायचे. बुडवायचे नाहीत. रुंद मऊ ब्रशने एका कागदावर पाणी फिरवायचं, त्यावर दोन कोरडे ठेवायचे, परत एक ओला, असा गठ्ठा रचायचा, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा, वर हलकं वजन आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळपर्यंत पाणी सगळीकडे सारखं मुरतं. बरोबर झालंय का ते कळायची खूण म्हणजे कागद गालाला लावला तर गार लागतो पण ओल लागत नाही, आणि उजेडात धरला तर चकाकी दिसत नाही. चकाकी दिसली तर जास्त झालंय, मधे कोरडे टिपकागद घालून तासभर थांबा. ब्लॉकही आधी ओला करून ठेवायचा, नाहीतर कोरडं लाकूड रंगातलं पाणी शोषून घेतं आणि पहिल्या काही प्रिंट्स फिक्या, ठिपक्याठिपक्यांच्या निघतात. त्यासाठी मी रद्दी कागदांवर सुरुवातीचे छाप काढून टाकायचे आणि मगच चांगला कागद घ्यायचे.

छपाई जूनमध्ये सुरू केली. ब्लॉकवर थोडा रंग टाकायचा, त्याच्या शेजारी तांदळाची खळ वाटाण्याएवढी, आणि ब्रशने आधी गोल गोल मिसळून पसरायचं, शेवटी हलक्या हाताने सरळ आडवे-उभे फटकारे मारून ब्रशच्या रेषा घालवायच्या. खळीमुळे रंग सपाट बसतो आणि फुटत नाही. खळ नसेल किंवा कमी असेल तर तिळासारखे ठिपके उठतात, त्याला गोमा-झुरी म्हणतात, आणि ते काही लोक मुद्दाम करतात, छान दिसतं. खळ जास्त झाली तर कडेला चिकचिक जमते आणि कागद उचलताना तंतू ओढले जातात. नेमकं प्रमाण असं नसतं, हवा कोरडी की दमट, ब्लॉक किती भिजलाय, यावर रोज बदलतं. म्हणून मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीच्या प्रूफच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवायला लागले, रंग किती, खळ किती, पाणी किती फवारलं. दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा मिळवायला या नोंदींनी फार मदत केली. रंगही एकदाच भरपूर कालवून झाकणाच्या बाटलीत ठेवा, चाळीस प्रिंट्स पुरून उरेल एवढा. मधेच संपला की तोच निळा परत मिळत नाही. खळ टिकायला लवंगाच्या तेलाचा एखादा थेंब टाकतात, मीही टाकला.

घोटताना कागदावर आणखी एक पातळ कोरडा कागद ठेवते, म्हणजे ओला कागद घासून उसवत नाही. जोर मनगटाचा नाही, खांद्याचा, थोडं उभं राहून अंग टाकायचं आणि बारेन नागमोडी चालवायचा. माझ्यासारखं टेबल उंच असेल तर पाठ धरते, म्हणून ब्लॉक कमरेच्या खाली येईल असं टेबल करा. जपानी छपाईकार तर जमिनीवर मांडी घालून बसतात, पुढे उतरत्या चौरंगावर ब्लॉक. मला ते जमलं नाही पण कल त्या दिशेला असलेला बरा.

बोकाशी मला सगळ्यात जास्त आवडली. त्यासाठी ब्लॉकचा खालचा भाग ओल्या कापडाने पुसायचा, ब्रशच्या एकाच टोकाला रंग आणि दुसऱ्या टोकाला पाणी, आणि ब्रश आडवा फिरवत हळूहळू खाली आणायचा. रंग कुठे संपला हे दिसता कामा नये. मी निळा म्हणून प्रशियन ब्लू घेतला, तोच जो होकुसाईच्या साधारण 1831 मधल्या 'मोठी लाट' या प्रसिद्ध प्रिंटमध्ये आहे आणि बाहेरून जपानमध्ये आला होता. पाण्यात तो इतका पातळ होत जातो आणि तरी निळाच राहतो, विरायला याच्यासारखा रंग नाही. चाळिसांत दोन बोकाशी अगदी एकसारख्या कधीच येत नाहीत, आणि मला वाटतं तेवढा फरक चालतो, फक्त गठ्ठा पसरला तर एकही प्रिंट बाजूला उठून दिसू नये.

एका दिवसात पाचही छाप होत नाहीत, मग मधल्या काळात कागद ओलेच ठेवावे लागतात, सुकू दिले तर परत तीच आकसण्याची भानगड. पण ओला कागद प्लॅस्टिकमध्ये दोन-चार दिवस राहिला की बुरशी येते, उष्ण हवेत तर लवकरच. यावर उपाय म्हणजे गठ्ठा गुंडाळूनच फ्रिजमध्ये ठेवा, आणि आठवडाभर थांबायचं असेल तर फ्रीझरमध्ये. काढल्यावर तसाच गुंडाळलेला बाहेर ठेवून पूर्ण वितळू द्या आणि मगच उघडा. घरच्यांना आधी सांगून ठेवा एवढंच.

शेवटचा काळा रंग जूनच्या अखेरीला उतरला. पारंपरिक पद्धतीत काळा आधी छापतात, मी शेवटी छापला कारण मला त्याची कड रंगांच्या वर हवी होती, दोन्ही चालतं. सुकवताना प्रिंट्स दोरीवर लटकवू नका, वेड्यावाकड्या होतात. टिपकागदांच्या मधे ठेवून वर फळी, आणि टिपकागद पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बदलायचे. मग निवड. सगळ्या जमिनीवर पसरून एकदम बघितल्या, डाग, सरकलेली कड, फिकं आभाळ अशा बाजूला काढल्या. 35 उरल्या, त्यातल्या 31 एडिशन आणि चार ए.पी. म्हणजे आर्टिस्ट प्रूफ. खाली डावीकडे 1/31, 2/31 असं, मधे नाव, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलने, कारण शाई ओल लागली की पसरते आणि उन्हात उडते. आधी कमी दर्जाच्या प्रिंटवर सहीचा सराव करा, पेन्सिल बोथट ठेवा म्हणजे मऊ कागदावर ओरखडा उठत नाही.

आता कागदपत्रं. दुसऱ्या देशात पाठवायचं तर कस्टम्सचा फॉर्म लागतो. किंमत 300 एसडीआरपर्यंत असेल तर सीएन 22, त्यावर गेली तर मोठा सीएन 23. एसडीआर म्हणजे टपाल संघटना हिशोबाला धरते ते एकक, टपाल कार्यालयात त्यांना तुमच्या चलनातला आकडा माहीत असतो. फक्त "गिफ्ट" असं लिहून भागत नाही, नीट लिहा, कागदावरची हाताने छापलेली मूळ वुडब्लॉक प्रिंट्स, नग 31. एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये वस्तूचा प्रकार सांगणारा क्रमांक, विचारतात, तो 9702 हा मूळ एनग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ यांचा आहे, आणि 2022 पासून सहा आकड्यांत 970290, कारण शंभर वर्षांहून जुन्यांसाठी 970210 वेगळा केलाय. या कोडची अटच अशी की प्रिंट कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या ब्लॉकवरून थेट निघालेली हवी, फोटोसारख्या यांत्रिक पद्धतीने नाही, म्हणजे आपल्या प्रिंटला तो बरोबर बसतो. किंमत खोटी कमी लिहू नका, संयोजकांनी सांगितलं होतं की सामानाची वाजवी किंमत लिहा आणि विक्रीसाठी नाही असं नमूद करा, तसं केलं. तीच माहिती आधी ऑनलाइनही भरावी लागली, 2021 पासून टपालाला ती आगाऊ पाठवावी लागते. ऑनलाइन आणि कागदावर शब्द अगदी तेच ठेवा.

पॅकिंगला प्रत्येक दोन प्रिंट्सच्या मधे ग्लासीनचा (पातळ, गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, पूर्ण गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, दोन्ही बाजूंना पन्हाळी पुठ्ठा, एकाच्या पन्हाळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल कुठल्याच दिशेने वाकत नाही. 12 जुलैला पाठवलं. ट्रॅकिंग दोन दिवस हललं, मग कस्टम्सपाशी जे थांबलं ते जवळजवळ तीन आठवडे. 31 जुलै जवळ येत चालली तसं मला काही सुचेना. संयोजकांना ट्रॅकिंग नंबर आणि टपालाच्या पावतीचा फोटो पाठवला तर त्यांनी लगेच कळवलं की पाठवल्याची तारीख मुदतीच्या आतली आहे, पार्सल नंतर पोचलं तरी संच लावायच्या आधी आलं तर धरू. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचलं. पावती फेकू नका आणि गप्प बसून काळजी करू नका, लगेच कळवा, समोरचे लोकही याच वाटेने गेलेले असतात.

त्यानंतर नुसती वाट बघणं. त्या काळात मी ओन्ची कोशिरो या जपानी प्रिंट करणाऱ्या कलाकाराच्या इचिमोकुकाईबद्दल वाचलं, म्हणजे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी त्याच्या घरी जमणारी प्रिंट करणाऱ्यांची मंडळी, 1939 मध्ये सुरू झालेली. स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं, या विचाराचे ते लोक. यामामोतो कानाए याने 1904 मध्ये मासेमाराची प्रिंट अशी एकट्याने केली तिथून तो विचार आला, त्याआधी चित्रकार, कोरणारा आणि छापणारा वेगवेगळे असायचे. या मंडळींनी 1944 पासून, म्हणजे ऐन युद्धात, सामानाची चणचण असताना, आपापल्या प्रिंट्सचे एकत्र संग्रह काढून आपसात वाटले. मी फ्रिज, टपाल आणि पावत्या यांत गुंतलेली असताना हे वाचलं आणि मनापासून आदर वाटला.

पार्सल उघडलं त्या दिवशी दुसरं काहीच केलं नाही. तीस प्रिंट्स आणि एक माहितीपत्रक, त्यात प्रत्येकाचं नाव, लाकूड, कागद, रंग, किती छाप. पण खरं शिकायला मिळतं ते प्रिंट पालथी केल्यावर. मागच्या बाजूने बारेनच्या खुणा दिसतात, कुणी किती जोर लावला, कोणत्या दिशेने घोटलं, रंग किती आत गेला. दिव्याचा उजेड तिरपा पाडला तर दाबाने उठलेली रेघ दिसते. एकीच्या बर्फाच्या चित्रात पांढरा रंगच नव्हता, नुसता कोरा कागद आणि त्यावर रंगाविना दाबून उठवलेली कड, समोरून बघून मला हे कधी कळलं नसतं. दुसऱ्या एकाच्या भिंतीवर गोमा-झुरी इतकी सारखी होती, सगळीकडे तेवढेच ठिपके, की मी पत्रकावरून पत्ता घेऊन त्याला लिहिलं. त्याने सविस्तर उत्तर दिलं, खळ अजिबात नाही, रंग जरा घट्ट, बारेन हलका आणि एकाच दिशेने, आणि वर आपल्या बिघडलेल्या प्रूफ पाकिटात घालून पाठवल्या, मागे प्रत्येकीवर काय बदललं ते लिहून. मी त्याला माझ्या बोकाशीच्या प्रूफ पाठवल्यात, खळीच्या आणि पाण्याच्या नोंदींसकट.

सध्या सगळा संच ग्लासीनसकट आम्लविरहित पेटीत, सपाट ठेवलाय, उभा नाही. एका वेळी एकच प्रिंट बाहेर काढून भिंतीवर लावते, थेट ऊन येणार नाही अशा जागी, आणि महिन्याने बदलते. पुढच्या फेरीची नावं जानेवारीत घेणार आहेत. कागद मी आत्ताच मागवलाय, यावेळी तीनच ब्लॉक आणि भिंतभर गोमा-झुरी. कुणाला यायचं असेल तर फॉर्म भरायच्या आधी एका ब्लॉकची दहा प्रतींची छोटी एडिशन करून बघा, कागद भिजवण्यापासून सहीपर्यंत. त्याला लागलेला वेळ लिहून ठेवा आणि त्यावरूनच चित्रात किती रंग घ्यायचे ते ठरवा.